तांबं सडत नाही, म्हणून वायरिंग बदलायचं नाही?

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या गाड्या सध्या सुट्या होऊन पडल्या आहेत आणि मजकूर वाचून ते खूश झालेत, म्हणून हे लिहायला बसलो. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गाडीचं मूळ वायरिंग बदलू नका. तांबं सडत नाही. मीटर (मल्टिमीटर) लावा, वाजला की वायर ठणठणीत. फ्यूज सारखा उडत असेल तर एक आकडा मोठा टाका. इन्सुलेशन गेलं असेल तिथे टेप गुंडाळा. दिवे मंद असतील तर जास्त वॅटचे बल्ब आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवा. मूळ हार्नेस (गाडीभर फिरणारा वायरींचा बांधलेला गुच्छ) काढला तर गाडीचं मोल जातं. शेवटी अर्थातच "जुनं ते सोनं".

यातली मोलाबद्दलची गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो. बाकीच्यातली एक तर सरळ आग लावणारी आहे.

"तांबं सडत नाही." लोखंडासारखं गंजून भुगा होत नाही, हे कबूल. पण मागे एका साठच्या दशकातल्या गाडीच्या मागच्या दिव्याची वायर नवा लग (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावायला म्हणून मी सोलली. वरचं आवरण पुसल्यावर नव्यासारखं चकचकीत, आतल्या तारा मात्र कोळशासारख्या काळ्या. म्हटलं टोकाला पाणी लागलं असेल, दोन सेंटिमीटर कापून पुन्हा सोलली. काळीच. मग हातभर कापत गेलो तरी तांब्याचा लाल रंग काही दिसेना. उघड्या टोकातून शिरलेला ओलावा बारीक तारांच्या फटींतून, वातीत तेल चढावं तसा, आत चढत जातो आणि प्रत्येक तारेवर ऑक्साइडचा थर बसतो. अशा तारेला सोल्डर धरत नाही, आणि तिच्यावर दाबून बसवलेला लग तांब्याला नव्हे, त्या थराला चिकटलेला असतो.

शिवाय प्रश्न फक्त तांब्याचा कधीच नव्हता. तांबं शंभर वर्षं टिकेल, त्याच्या अंगावरचं कातडं टिकत नाही. पन्नासच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत रबराचं इन्सुलेशन आणि वरून सुती विणीचं आवरण असायचं. रबर उष्णता, तेल आणि हवेतला ओझोन यांनी कडक होतं, मग बिस्किटासारखं तुटतं. नंतर आलेल्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं आणि तेही ताठरतं. गंमत अशी की हलवलं नाही तर असं इन्सुलेशन जागच्या जागी बरंच तग धरतं. "आत्तापर्यंत चालत होतं की" हे वाक्य त्यामुळेच ऐकू येतं. पण गाडी पुन्हा उभी करायची म्हणजे इंजिन बाहेर, डॅशबोर्ड बाहेर, हार्नेस एका बाजूला ओढून खिळ्याला अडकवलेला. चाळीस वर्षं न हललेली वायर त्या महिन्यात दहा वेळा वाकते. ती आजवर चालली हे खरं, पण आजवर तिला कुणी हातही लावला नव्हता.

"मीटर वाजला की वायर ठणठणीत." मीटरचा बीपर जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो आणि वाटेत काही ओहमचा अडथळा असला तरी आनंदाने वाजतो. हेडलाइटला असा अडथळा अजिबात चालत नाही. हिशोब करून बघा. 55 वॅटचे दोन बल्ब, 12 व्होल्ट, म्हणजे सुमारे 9 अँपिअर. वाटेतल्या एका खराब जोडात फक्त 0.1 ओहमचा अडथळा असला, तर तिथे 0.9 व्होल्ट खर्ची पडतात आणि 8 वॅट उष्णता तयार होते. आकडा किरकोळ वाटेल, पण ती उष्णता करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, टेपच्या आत, डॅशबोर्डच्या मागे कोंडलेली असते. आणि हा 0.1 ओहम ओहमच्या रेंजवर दिसतही नाही, मीटरच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्सच तेवढा असतो.

खरी तपासणी लोड देऊन करायची. हेडलाइट लावा, मीटर व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा बल्बच्या मागच्या प्लस टोकावर. (गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली असेल तर प्लस-मायनस उलटं धरायचं.) मीटरवर जे दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग हेच अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट परत जातो त्या बाजूने करा, बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या बॉडीपर्यंत. बहुतेक वेळा चोर तिकडेच सापडतो. साध्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, म्हणून व्होल्टेज 10 टक्के पडलं तर प्रकाश जवळपास 30 टक्के पडतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या 6 व्होल्टच्या गाड्यांत तर तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट, आणि त्याच जोडातला तोटा टक्केवारीत चौपट.

आता तो फ्यूजचा सल्ला. या एका ओळीसाठी तो मजकूर पुढे पाठवणं थांबवलं पाहिजे. फ्यूज असतो वायर वाचवायला. दिवा, हॉर्न, वायपर वाचवणं हे त्याचं काम नाही. सर्किटमध्ये सगळ्यात आधी वितळायचं ते त्याने, वायरने नव्हे. त्याचा आकडा वाढवला की ती पाळी वायरवर येते, आणि वायर वितळते ती एकटी नाही, शेजारच्या दहा जणींना घेऊन.

इथे एक बारकावा आहे, जो जाणकारांच्याही हातून सुटतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा, 35 आकडा लिहिलेला काचेचा फ्यूज असायचा. तो 35 म्हणजे उडण्याचा आकडा; सतत वाहून न्यायची त्याची क्षमता साधारण 17 अँपिअरच. अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहून न्यायचा आकडा लिहितात. म्हणजे जुना 35 चा काढून तसाच दिसणारा 35 चा नवा टाकला, तर आकडा न वाढवताच संरक्षण निम्मं झालं. आणि त्याच्या पुढची वायर? 0.30 मिलिमीटरच्या 28 तारांची असेल तर तिची क्षमता साधारण 17.5 अँपिअर, 14 तारांची असेल तर 8.75. त्यावर आणखी "एक आकडा मोठा" टाकला तर काय होईल ते सांगायला नको.

बरं, त्या गाड्यांत फ्यूज होते तरी किती? 1962 साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत दोन. हेडलाइटला फ्यूज नाही, इग्निशनला नाही. लुकासच्या रंगसंगतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून येणारी थेट, बिनफ्यूजची. पांढरी इग्निशन स्विचच्या पुढची, तीही बिनफ्यूजची. हिरवी इग्निशनमधून फ्यूज होऊन आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजची. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून तपकिरी वायर जिथे पलीकडे जाते, तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबरी रिंग) कडक होऊन गळून पडलेला असतो. मग पत्र्याची धार आणि बॅटरीचा सगळा जोर यांच्यात ते म्हातारं इन्सुलेशन तेवढं उरतं. शॉर्ट झाला तर चांगली बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि त्या क्षणी पाना शोधून टर्मिनल सोडवायला वेळ नसतो. बाकीचा हार्नेस ठेवायचा की नाही यावर वाद घालू, पण तपकिरी वायरी नव्या, बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज (सेल्फची जाड केबल सोडून) आणि एक कटऑफ स्विच, यावर माझी तडजोड नाही.

जास्त वॅटचे बल्ब आणि अल्टरनेटर. मंद दिव्याचं कारण खराब जोड असेल, तर जास्त करंट ओढणारा बल्ब त्या जोडाला आणखी तापवेल. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला तर मूळ स्विचवरचा भार जातो, हा सल्ला चांगलाच आहे. फक्त रिलेला येणारी मुख्य वायर नवी, जाड आणि फ्यूजची हवी. अल्टरनेटरचं तेच. लुकासचा सी40 डायनॅमो 22 अँपिअर द्यायचा, गाडीची चार्जिंगची वायर त्याच मापाची. तिथे 60 अँपिअरचा अल्टरनेटर बसवायचा आणि सगळा करंट जुन्या वायरीतून, वर डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरवायचा, हे धाडस आहे.

टेपबद्दल फार लिहीत नाही. ज्याने कुणी टेपचा जुना चिकट काळा लगदा नखांतून काढलाय, त्याला सांगायची गरज नाही. त्या काळी कारखान्यातून येणाऱ्या हार्नेसवरची टेप बऱ्याचदा बिनचिकट असायची, तिला कारण आहे.

राहिला मोलाचा मुद्दा, ज्यात तथ्य आहे. कुणी हात न लावलेली, मूळ रंगातली गाडी मिळाली, तर तिचा हार्नेस उपटून फेकणाऱ्याच्या मी विरुद्ध आहे. इन्सुलेशन अजून मऊ असेल, टोकं कापून आत लाल तांबं लागत असेल, तर टोकं नवी करून तो हार्नेस वाचवावा. पण मजकुरातला सल्ला आहे तो पूर्ण उघडलेल्या, नवा रंग मारलेल्या, नवी सीट शिवलेल्या गाड्यांसाठी. तिथे मूळपणाचं सगळं ओझं वायरिंगनेच का वाहायचं? मूळ रंगांचे, रेघांसकट, वरून सुती वीण घातलेले आणि आत आधुनिक इन्सुलेशन असलेले हार्नेस बऱ्याच मॉडेलसाठी तयार मिळतात. जुना काढताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, आणि तो टाकू नका. प्लायवुडवर खिळे ठोकून पसरून ठेवला तर नव्या हार्नेसच्या फाट्यांची लांबी त्यावरून ताडता येते. पुढच्या मालकालाही तो द्या.

स्वतः बांधणार असाल तर घरात वापरायची वायर नको. तिच्या मोजक्या, जाड तारा थरथरीने कडक होऊन तुटतात, आणि साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं असतं. गाडीची वायर बारीक तारांची आणि 100 अंशांच्या आसपास टिकणारी घ्या. स्वस्त वायरीत वर तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं, एक तार खरवडून बघा. लग पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचं (लग वायरीवर दाबून बसवायचं) योग्य हत्यार वापरा.

आणि नवा हार्नेस बसवूनही इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट लुकलुकत असेल, तर हार्नेसवाल्याला शिव्या देऊ नका. लुकासला "अंधाराचा राजपुत्र" म्हणणाऱ्यांनी निम्मे दोष अर्थिंगचे त्याच्या नावावर लिहिलेत. तुम्ही गाडीला इतका सुंदर रंग मारलाय की दिव्याच्या बॉडीला पत्रा लागतच नाही. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा, दातेरी वॉशर घाला, मग वरून ग्रीस लावा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना थेट जोडू नका. बॅटरीचं टर्मिनल आणि तिची केबल यांच्यामध्ये 21 वॅटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना तो लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. शांतपणे एकेक फ्यूज, एकेक जोड सोडवत शोधा. तो विझलेला राहिला की मग एकेक स्विच लावायला घ्या.