पावणेदोन डॉलरचं मत

मागच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, "हे मेक्सिकन लोक कष्टाळू आहेत, पण आधी शिकावं, चार पैसे गाठीला बांधावेत, मग राजकारणाच्या गोष्टी कराव्यात. आपण नाही का तसंच केलं?" खाली भराभर अंगठे पडले. मी उत्तराच्या दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बारा वर्षं टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते. या शहरात तिघांतले जवळपास दोघे लॅटिनो. त्यातली कित्येक घराणी तर टेक्सास अमेरिकेत सामील व्हायच्या आधीपासून इथली आहेत. त्यामुळे 'हे लोक इथे आले' हे वाक्यच मला खटकतं. आलो आपण.

'आधी पैसा, मग राजकारण' हे आगरकर-टिळकांच्या 'आधी सामाजिक की आधी राजकीय' या वादासारखं वाटतं. पण तिथे निदान निवड करायची मुभा होती. या शहराच्या पश्चिम भागातल्या माणसाला ती नव्हती.

१९३८ साली इथे पेकान फोडायचा मोठा धंदा होता. पेकान म्हणजे अक्रोडाच्या जातीचं फळ. ते हाताने फोडून गर काढायचा. हे काम मेक्सिकन वंशाचे हजारो कामगार करत, त्यात बायका खूप. कोंदट शेड, हवेत टरफलांची धूळ, आणि आठवड्याची मजुरी साधारण दोन-तीन डॉलर. जानेवारीत मालकांनी तीही कापली आणि सुमारे बारा हजार कामगार संपावर गेले. त्यांच्या पुढे उभी राहिलेली एमा तेनायुका तेव्हा अवघी एकवीस वर्षांची होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकड्यांनी माणसं तुरुंगात कोंबली. एमाला पुढे हे शहरच सोडावं लागलं. परतली ती बऱ्याच वर्षांनी, आणि मग इथेच शिक्षिका झाली.

त्याच काळात टेक्सासमध्ये मत द्यायचं तर 'पोल टॅक्स' भरावा लागे, दीड ते पावणेदोन डॉलर. आठवड्याला दोन-तीन डॉलर मिळवणाऱ्या बाईने घरात पीठ आणायचं की मत विकत घ्यायचं? काही ठिकाणी स्थानिक पुढारी गठ्ठ्याने लोकांचा कर भरत आणि मतंही गठ्ठ्याने नेत. टेक्सासमध्ये हा कर पूर्णपणे गेला तो १९६६ मध्ये. गरिबी होती म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून मजुरी ठरवणाऱ्यावर कसलाच वचक नाही. यात 'आधी' कुठून सुरू करायचं?

शाळांचं बघा. इथे शाळेचा बराचसा खर्च त्या त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो. पश्चिमेकडचं एजवूड गरीब, तर अलामो हाइट्स श्रीमंत. साठच्या दशकाच्या शेवटी एजवूडचे लोक कराचा दर अलामो हाइट्सपेक्षा जास्त देत होते. तरी त्यांच्या मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत आणि तिकडे ५९४, कारण घरांनाच किंमत नव्हती. १९६८ मध्ये एजवूडची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. पालकांपैकी देमेत्रिओ रॉड्रिगेझ यांच्या नावाने खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७३ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं कोर्टाने म्हटलं. जास्त कर भरूनही कमी मिळतं अशा माणसाला 'आधी शिका' म्हणणं मला क्रूर वाटतं.

घरांना किंमत का नव्हती, याचं एक मोठं कारण पाणी. आमच्या शेजारच्या आजी त्याच भागात वाढल्या. जोराचा पाऊस आला की त्यांची आई आधी मुलांचे बूट कपाटावर ठेवायची. पावसाच्या पाण्याचा निचरा करायची कामं १९४५ पासून शहराच्या आराखड्यात होती. पण शहराचा पैसा उत्तरेकडच्या नव्या वसाहतींत जात राहिला.

१९७३-७४ मध्ये एर्नेस्तो कोर्तेस नावाचा इथलाच तरुण शिकागोहून संघटन शिकून आला. त्याने भाषणं केली नाहीत. चर्चमधून माणसं शोधली: शाळेच्या पालक समितीत राबणाऱ्या बायका, जत्रेचा हिशेब ठेवणारे काका. त्यांना विचारलं, तुमचा त्रास काय? उत्तर आलं, गटार. यातून 'कॉप्स' (Communities Organized for Public Service) ही संघटना उभी राहिली. १९७४च्या पुरानंतर शेकडो लोकांनी शहराच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे आराखड्याचे जुने कागद मांडून जाब विचारला. नोव्हेंबरात निचऱ्याच्या कामांसाठी ४ कोटी ६८ लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले.

तरी शहराचे खरे कारभारी, म्हणजे व्यापारी, दाद देईनात. मग फेब्रुवारी १९७५ मध्ये ही मंडळी जोस्की नावाच्या बड्या दुकानात गेली आणि दिवसभर महागडे कोट अंगावर घालून बघत राहिली. घेतलं काहीच नाही. मग फ्रॉस्ट बँकेत रांगा लावून नोटांची चिल्लर घेतली आणि चिल्लरच्या परत नोटा. सगळं कायद्यात बसणारं. खिशात पैसा नसलेल्यांनी पैशाचा व्यवहार थांबवून दाखवला! हा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पुढचा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन कळेल, कारण प्रभाग केवढा असावा यावर आपल्याकडे दर महापालिका निवडणुकीआधी भांडण होतं. इथे तेव्हा प्रत्येक नगरसेवक अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून येई, म्हणजे पैसेवाल्यांचं पॅनेल. मतदान हक्काच्या कायद्याखाली केंद्र सरकारने आक्षेप घेतला आणि १९७७ मध्ये लोकांनी थोड्या मतांच्या फरकाने एकसदस्यीय प्रभाग स्वीकारले. त्याच वर्षी अकरा जणांच्या सभागृहात पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय निवडून आले. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. त्यांच्याआधीचे मेक्सिकन वंशाचे महापौर होते १८४०च्या दशकातले!

आता एक मान्य करते. पैशाचा काही संबंधच नव्हता असं मी म्हणत नाही. कॉप्सचे पहिले अध्यक्ष अँडी सराबिया केली हवाई तळावर नोकरीला होते. तो पगार केंद्र सरकारचा, गावातला कुणी शेठ तो बंद करू शकत नव्हता. पैसा किती, यापेक्षा तो कुणाच्या हातून येतो याने फरक पडला.

आणि मतामुळे पुढे पैसाही आला. १९९० मध्ये जीन्सवाल्या लिव्हायस कंपनीने इथला कारखाना बंद करून काम कोस्टा रिकाला नेलं, हजारावर लोक बेकार झाले, बहुतेक लॅटिना बायका. तेव्हा कॉप्स आणि तिच्या साथीच्या संघटनेने 'प्रोजेक्ट क्वेस्ट' उभं केलं. नर्सिंगसारखं शिक्षण, फीला मदत, आठवड्याला समुपदेशकाची भेट. शिकून निघालेल्यांची कमाई बरीच वर्षं वाढलेली राहिली, हे नीट केलेल्या अभ्यासांत दिसलंय. यासाठी सरकारी पैसा मिळाला, कारण मागणाऱ्यांमागे मतं होती.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. पश्चिम भाग अजून गरीब आहे. मतदान फार कमी होतं. आणि लॅटिनो मतं कुणाच्या खिशात आहेत असंही समजू नका. २०२४ मध्ये सीमेवरचा स्टार परगणा, जिथे जवळजवळ सगळेच लॅटिनो आहेत, शंभराहून जास्त वर्षांत पहिल्यांदा अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराकडे गेला. मला तो निकाल आवडला नाही. पण किराणा महागल्यावर माणूस चिडून मत देतो, तेव्हा त्याला मूर्ख म्हणायचा हक्क मला नाही.

टेक्सासमध्ये मतदार नोंदणी अजूनही सरसकट ऑनलाइन होत नाही. कागद भरावा लागतो, आणि तो लोकांकडून गोळा करायला परगण्याकडून नेमणूक घ्यावी लागते. मी ती घेतली आहे. रविवारी सकाळी शेजारच्या आजींबरोबर त्यांच्या चर्चबाहेर टेबल मांडून बसते. त्या स्पॅनिशमध्ये बोलतात, मी फॉर्म तपासते. आपल्या मंडळातल्या ज्यांना नागरिकत्व मिळालंय पण नोंदणी राहिली आहे, त्यांनी मला मेसेज करा. फॉर्म घेऊन घरी येईन.