लिस्बनला नारळ न्यायचा कोणी?

साहित्य संमेलन परदेशात भरवावे ही सूचना आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या मंडळाच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आली, आणि त्या विषयापर्यंत पोहोचताना विरोध करण्याइतके त्राण कोणातच उरलेले नसल्यामुळे ती एकमताने संमत झाली. दुबईला २०१० साली आणि सिंगापूरला २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलने होऊन गेलेली असल्याने ती शहरे उष्टी ठरली. लिस्बनचे नाव निघाल्यावर मात्र सभेत थोडी चुळबुळ झाली. ज्यांचे वडील गोव्याच्या मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात होते, ते आमचे ज्येष्ठ सभासद भाई काय म्हणतात इकडे सर्वांचे डोळे लागले. भाई गंभीरपणे म्हणाले, “साडेचारशे वर्षे ते आपल्याकडे येऊन राहिले. आपण निदान चार दिवस तरी जाऊन यायला हवे.” टाळ्या झाल्या. कार्यवाहपद माझ्याकडे आले, कारण माझ्या घरी प्रिंटर आहे.

व्हिसाचे प्रकरण लांबले. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो असे मी परिपत्रकात ठळक अक्षरांत छापले होते. आमच्या प्रतिनिधींनी त्याचा अर्थ ‘म्हणजे अजून सहा महिने आहेत’ असा घेतला. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे हे कळल्यावर एका कवींनी तेवढी रक्कम आपल्याला हातात मिळेल का, अशी चौकशी केली. ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेकांनी ‘साहित्यिक’ असे लिहिले आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून मानधनाऐवजी मिळालेल्या सन्मानचिन्हांची छायाचित्रे जोडली. परत येण्याचे सबळ कारण दाखवायचे असते म्हणून आमच्या स्वागताध्यक्षांनी आपल्या कुळागराचा (म्हणजे पोफळी-माडांच्या बागेचा) एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या सात-बाराचा, उतारा जोडला. त्यावर तेरा चुलतभावांची नावे असल्यामुळे परत येण्याची निकड आपोआपच सिद्ध झाली. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या एका सभासदांना जायला व्हिसा नको होता, परंतु परत येण्यासाठी लागणारे ओसीआय कार्ड त्यांना सापडत नव्हते. ते शोधण्यासाठी नेमलेल्या उपसमितीत, मंडळाच्या रिवाजाप्रमाणे, तेही होते.

खरी कसोटी नारळाने घेतली. मराठी सत्कार शाल आणि श्रीफळ यांवाचून होत नाही, आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सत्कारमूर्तींची संख्या प्रतिनिधींच्या संख्येपेक्षा फक्त एकाने कमी होती. (तो एक म्हणजे मी.) शालींची घडी होते; नारळाची होत नाही. शिवाय सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही, आणि शेंडीचा नारळ सुका धरायचा की ओला, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. भोजनसमितीच्या प्रमुख ताईंनी एकेक नारळ कानाशी नेऊन हलवला आणि “पाणी वाजते आहे, पण मनापासून नाही,” असा निर्वाळा दिला. गंमत अशी की, युरोपचा नारळाला आक्षेप नव्हता. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांस यांचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, त्यामुळे आमचे पेढे बाद झाले; ताज्या फळांना आणि विड्याच्या पानांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, त्यामुळे विडेही बाद झाले; परंतु दाखल्यातून सूट असलेली जी पाच फळे आहेत, त्यांत अननस, केळी, खजूर आणि दुरियन यांच्या पंक्तीला आपला नारळ बसलेला आहे. ज्यांच्या दारात प्रवेश होता, त्यांच्यापर्यंत पोहोचायला विमान नव्हते.

शेवटी नारळ लिस्बनच्या बाजारातच घ्यावेत असे ठरले. तेथील नारळ गुळगुळीत तासलेला असतो आणि ग्राहकाला फोडायला सोपे जावे म्हणून पुष्कळदा त्याच्या कवटीला गोल खाच पाडून ठेवलेली असते. शेंडी नसलेला नारळ अध्यक्षांच्या हाती देणे अशुभ, असे तीन जणांनी तीन वेगवेगळ्या शास्त्रांच्या आधारे सांगितले. तेव्हा आमच्या खजिनदारांनी हॉटेलच्या दारातील पायपुसण्याचा काथ्या चिमटीने उपसला, त्याच्या जुड्या बांधल्या आणि कवितासंग्रहाच्या फाटलेल्या पुठ्ठ्यासाठी आणलेल्या फेव्हिकॉलने रात्रभर बसून त्या प्रत्येक नारळाला चिकटवल्या. सत्काराच्या वेळी छायाचित्रकाराने “जरा घट्ट धरा” असे म्हणताच स्वागताध्यक्षांचा नारळ खाचेतून उलगडला, पाणी शालीवर आले, आणि शेंडी तेवढी शाबूत राहिली.

तुलनेने बाकीचे सारे सुरळीत पार पडले. गोव्याला दोन विमानतळ असल्याने काही जण मोपाऐवजी दाबोळीला जाऊन बसले, पण तिथे त्यांना ओळखीचे इतके लोक भेटले की त्यांची तक्रार नव्हती. ग्रंथदिंडी लिस्बनच्या चढावरच्या गुळगुळीत चुनखडी फरसबंदीवर कोल्हापुरी चपलांनी काढल्यामुळे ठरल्या वेळेपेक्षा बरीच लवकर खाली पोहोचली. श्रोत्यांचा प्रश्न आला नाही, कारण श्रोते आम्ही बरोबरच नेले होते. दर रविवारी फोंड्यात एकमेकांच्या कविता टाळणारी मंडळी आखातात विमान बदलून इथवर आली आणि पळायला वाट नसल्याने त्याच कविता ऐकत बसली. तिथली काही गोंयकार मंडळीही अगत्याने आली आणि त्यांनी कोकणीतून जेवणाची वेळ विचारली.

समारोपाचा दिवस ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्या पहाटे दोन वाजता पोर्तुगालची घड्याळे एक तास मागे जातात. फोनवाल्यांना ते फोननेच कळवले. परंतु आमच्या ज्येष्ठांचा विश्वास मनगटी घड्याळांवर, आणि ती त्यांनी पोहोचल्याबरोबर साडेचार तास मागे करून कायमची निकालात काढली होती. त्यामुळे मराठी संमेलनाच्या इतिहासात मला तरी ठाऊक नसलेली घटना घडली: नऊच्या कार्यक्रमाला प्रेक्षक आठ वाजता हजर होते. सभागृहाला कुलूप होते. अध्यक्षांनी बंद दाराकडे पाहिले, पायऱ्यांवर उभ्या असलेल्या समुदायाकडे पाहिले, खिशातून समारोपाचे भाषण काढले आणि तो मिळालेला तास सत्कारणी लावला. नऊ वाजता दार उघडल्यावर सगळे आत गेले, माइक सुरू झाला, आणि उशिरा आलेल्या फोनवाल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचले.