कोबाल्टसाठी युद्ध? आधी नकाशा तर बघा

मामांनी इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग रद्द केलं. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्याचा मथितार्थ असा: आफ्रिकेतल्या कांगोत तुमच्या गाडीच्या बॅटरीतल्या कोबाल्टसाठी युद्ध पेटलंय, चीन आणि अमेरिका खाणी बळकावायला तिथल्या लोकांना आपसात लढवताहेत, साठ लाख माणसं मेली, शेवटी ट्रम्पनी करार करून युद्ध थांबवलं, तेव्हा इलेक्ट्रिक गाडी घेणं पाप आहे. हाच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे कोबाल्टच्या खाणी कुठे आहेत? कांगोच्या दक्षिण भागात, कोल्वेझी शहराच्या आसपास. आणि लढाई कुठे चाललीय? पूर्वेला, उत्तर आणि दक्षिण किवू प्रांतांत. मधलं अंतर सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई-दिल्ली. किवूत निघतं ते कोल्टान नावाचं खनिज. त्यातला टँटलम हा धातू फोन-लॅपटॉपच्या कपॅसिटरमध्ये जातो, गाडीच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही. मामांनी निवडलेल्या गाडीत तर एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची, बॅटरी आहे. तिच्यात कोबाल्ट औषधालाही सापडणार नाही!

पण मला खरा राग येतो तो 'चीन-अमेरिका लढवतात' या वाक्याचा. कारण त्यात खरा दोषी, शेजारचा रवांडा, अलगद सुटतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाचा डिसेंबर २०२४चा अहवाल वाचा. एम२३ या बंडखोर संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये उत्तर किवूतलं रुबाया हे गाव ताब्यात घेतलं. जगातल्या टँटलमपैकी सुमारे १५ टक्के या एका गावाभोवतालच्या डोंगरांतून निघतं, तेही फावड्या-कुदळींनी. एम२३ने तिथे चक्क कारभार थाटला. खरेदी-विक्रीवर कर बसवला आणि महिन्याला आठेक लाख डॉलर वसूल केले. ट्रक जावेत म्हणून गावकऱ्यांना वेठीला धरून रस्ते रुंद करून घेतले. महिन्याला किमान १२० टन कोल्टान सीमेपलीकडे रवांडात गेलं, तिथल्या मालात मिसळलं आणि 'रवांडाचा माल' म्हणून पुढे निघालं. रवांडाचं सैन्य एम२३च्या बरोबरीने लढतंय, हेही त्याच गटाने नोंदवलंय. आणि युरोपियन युनियनने त्याच वर्षी फेब्रुवारीत रवांडाशी खनिजांचा सामंजस्य करार केला होता. मेसेजमध्ये ना रवांडाचं नाव, ना युरोपचं.

शिवाय हे वैर खनिजांतून जन्मलेलं नाही. १९९४च्या रवांडातल्या नरसंहारानंतर मारेकरी आणि निर्वासित दोघंही सीमा ओलांडून किवूत आले, तिथपासूनचं ते आहे. कोल्टानने त्याला पैसा पुरवला.

साठ लाखांचा आकडा १९९८ ते २००७ या काळाच्या ५४ लाखांच्या अंदाजावरून आलेला दिसतो. तो अंदाजही वादग्रस्त आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू भूक नि रोगराईने झालेले.

चीनने खाणी 'बळकावल्या'? तेंके-फुंगुरुमे या कांगोतल्या प्रचंड कोबाल्ट-तांब्याच्या खाणीतला आपला हिस्सा अमेरिकेच्या फ्रीपोर्ट कंपनीने २०१६ साली चिनी कंपनीला २६५ कोटी डॉलरना स्वतःहून विकला. आता वॉशिंग्टनला जाग आलीय. आणि कांगो सरकारही काही नुसतं बघत बसलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने कोबाल्टची निर्यातच बंद केली, पुढे कोटा लावला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कोल्वेझीच्या हातखाणींत मुलं राबतात हे खरं आहे. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेच्या २०१६च्या अहवालात सात-सात वर्षांची मुलं आहेत. पण ते कोबाल्ट फोनच्या बॅटरीतही असतं. फोन विकायला काढलेला एकही फॉरवर्डवाला मला अजून भेटलेला नाही.

राहिला ट्रम्पचा करार. ४ डिसेंबर २०२५ला वॉशिंग्टनमध्ये कांगो आणि रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्या. त्यात एम२३ पक्षकारच नव्हती. आठवडाभरात ती दक्षिण किवूतल्या उविरा शहरात घुसली.