‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

साहेब म्हणू की बाई, कळायला मार्ग नाही. चार दिवस गप्प बसलो. बायको म्हणाली, सोडून द्या. पण सुटत नाही. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणक्याला झटका देऊन करायचा उपचार, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते इतर वाचकांसाठी इथे देतो: “पाठ कडकडा मोडून घ्यायला एवढे पैसे? आमचा न्हावी केस कापल्यावर तेच फुकटात करतो. यानं पुढची दुखापत टळते याला पुरावा काय? मानेला झटका देणं तर धोक्याचंच. लोकांना सरळ फिजिओकडे पाठवा. आणि पामरचं साल चुकलंय.”

साल चुकलं, मान्य. डी. डी. पामरनं कायरोप्रॅक्टिक सुरू केलं ते १९९५ नव्हे, १८९५ साली. दुरुस्त केलंय, आभारी आहे. आणखी एक कबूल करतो. आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये याच पामरनं हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं, ही गोष्ट मी लेखात जरा रंगवून सांगितली. पामरचा तो दावा मलाही पटत नाही.

आता न्हाव्याकडे येऊ. न्हावी काय करतो हे मला ठाऊक नाही, असं वाटलं का तुम्हाला? साताऱ्यात वाढलोय मी. तेलकट हातांत डोकं धरायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कडक्! मग टॉवेल झटकायचा आणि “झालं भाऊ”. मध्ये एक प्रश्न नाही. कुठं दुखतंय, कधीपासून, काही नाही.

मी ज्या कायरोप्रॅक्टरकडे गेलो त्यांनी पहिला अर्धा तास मणक्याला हातच लावला नाही. एका पायावर उभं केलं, उकिडवं बसवलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला, कळ कुठे येते ते बघितलं. पायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, हेही विचारलं. (लाजलो, पण सांगितलं.) मग कुशीवर वळवून, वरचा गुडघा वाकवून, कंबरेवर एकच छोटा झटका. तुमचा तो ‘कडकडा’ म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडात बोटांचे सांधे ओढताना एमआरआयवर ती दिसली. आवाज आला नाही तरी बिघडत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. हे तुमचा न्हावी सांगतो का?

आणि ‘फुकटात’! हा शब्द मला का झोंबला ते सांगतो. माझे आजोबा हाडवैद्य होते. अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसलेले असायचे. कुणाचं मनगट, कुणाचा खांदा. पैसे कधी मागितले नाहीत. शिकलेली मंडळी दिवसा त्यांची टिंगल करायची आणि रात्री मागच्या दारानं लंगडत यायची. तेव्हा हाताच्या कसबाची किंमत मला तुमच्याकडून शिकायची नाही.

पुरावा हवा ना? २०१९च्या पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट धावत उतरताना कंबरेत अशी उसण भरली की दुचाकीवर मागे बसवून आणावं लागलं. चार वेळा उपचार घेतले. त्यानंतर आजतागायत एकदाही कंबर धरलेली नाही. हो, त्यांनी दिलेले व्यायाम रोज वीस मिनिटं करतो, बूट बदलले, नऊ किलो वजनही उतरलं. ते वेगळं. अंग मोकळं झालं ते त्या टेबलावर, हे मला माझ्या अंगानं सांगितलंय.

तरी कागदच हवा असेल, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली कंबरदुखीवरच्या औषधाविना उपायांत मणक्याच्या या उपचाराचा समावेश केलाय. तो दुखण्याबद्दल आहे, दुखापत टाळण्याबद्दल नाही, असं तुम्ही म्हणालच. म्हणा.

मानेचं म्हणाल तर लेख कंबरेचा होता. मानेतल्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात, मी स्वतः मानेला हात लावू देत नाही. लेखात ते लिहिलं नाही, कारण विषय तो नव्हता. फिजिओंना मी नावं ठेवलेलीच नाहीत, माझी भाची फिजिओ आहे. (तिचंही मत तुमच्यासारखंच आहे, पण ती नीट बोलते.)

मतभेद जरूर मांडा, नाव लावून मांडलेत तर आणखी बरं. न्हाव्याचा विषय मात्र माझ्याकडून संपला. त्यावरची पुढची प्रतिक्रिया इथे प्रकाशित होणार नाही.