छप्पन्न पत्त्यांबद्दल, जरा रागातच

आज दुपारी ऑफिसातल्या एका मुलीला रडताना पाहिलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. नोकरी बदलू का, एवढाच साधा प्रश्न घेऊन तिने व्हिडिओ कॉलवर टॅरो रीडिंग घेतलं, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यावरून सल्ला घेतला. टेन ऑफ स्वोर्ड्स, दहा तलवारींचं कार्ड, आलं. तर ती रीडर म्हणे, कोणीतरी दगा देणार, सगळं संपणार, आणि वर उपायाचे वेगळे पैसे! अरे काय चाललंय हे? कार्डाकडे नीट बघितलं तरी होतं का? माणूस पालथा पडलाय, पाठीत दहा तलवारी, भयंकर चित्र आहे मान्य, पण मागे काळ्या आभाळाखाली पिवळा उजेड फुटलाय आणि पाणी एकदम शांत. त्या चित्रात जे व्हायचं ते होऊन गेलंय. त्या नोकरीत आधीच पिचून गेलेल्या मुलीला हे सांगायला नको?

हल्ली शिकवतातच तसं. टॅरोच्या २२ मेजर, म्हणजे 'मोठ्या' कार्ड्सवर तासन्‌तास बोलायचं आणि मायनरची, म्हणजे 'छोटी' ५६ कार्ड्स शेवटी एका पीडीएफमध्ये कोंबायची, थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणजे ब्रेकअप, एट ऑफ पेंटॅकल्स म्हणजे मेहनत, चला पुढे. अहो पण आपलं रोजचं जगणं त्या ५६ मध्येच आहे ना? भांडण, पगार, आजारपण, रात्री झोप न लागणं, सगळं तिथेच.

माझी मावशी भोरकडची, टॅरो हा शब्दही तिने कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा टेबलावर पत्ते पसरलेले, तिने टेन ऑफ वॉन्ड्स, दहा काठ्या कवेत घेऊन चाललेल्या माणसाचं कार्ड, उचललं आणि म्हणाली, "ह्याला मोळी बांधायला कुणी शिकवलं न्हाई का? तोंडाम्होरं धरलीय, वाट कशी दिसंल? डोक्यावर घ्यायची की." पुस्तकात त्या कार्डापुढे 'ओझं, जबाबदारी' एवढंच असतं. मावशीने ओझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही, धरायची पद्धत चुकलीय म्हणाली. त्यानंतर ज्या ज्या बाईला हे कार्ड आलं तिला मी 'तुझ्यावर फार भार आहे' असं सांगत नाही, ते तिला माहीतच असतं. मी विचारते, यातलं काय तुझ्या डोळ्यांसमोर आलंय?

हो, सूट (पत्त्यांचे गट) आणि आकडे पाठ हवेत, कप्स म्हणजे पेले म्हणजे भावना, स्वोर्ड्स म्हणजे विचार वगैरे, त्याशिवाय पाया होत नाही. आणि कार्ड्स भविष्य सांगत नाहीत म्हणणाऱ्यांनो, ठीक आहे, नाही सांगत. पण बघायला तर लावतात?

आणि ही चित्रं काढली कोणी, तर पामेला कोलमन स्मिथने, १९०९ मध्ये, लंडनला. त्याआधीच्या बहुतेक डेक्समध्ये, म्हणजे पत्त्यांच्या संचांमध्ये, मायनर म्हणजे नुसते मोजून पाच पेले, सात तलवारी, आपल्या खेळायच्या पत्त्यांसारखे. हिने एकेका पत्त्यावर माणसं आणली, प्रसंग आणले. पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का या इटालियन डेकचे फोटो १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होते, ते तिने बघितले असणार, कारण तीन तलवारींनी भेदलेलं हृदय त्यातही आहे. पण फाइव्ह ऑफ कप्समधला तो काळ्या झग्यातला माणूस बघा, तीन पेले सांडलेत, तो त्यांच्याकडेच बघतोय, मागे दोन उभे आहेत, आणि नदीवर पूल आहे. पूल! कुणाचं माणूस गेलेलं असेल ना, त्यांनी हे कार्ड नुसतं समोर ठेवून बसावं. मी बसलेय.

या कामाचे फार थोडे पैसे मिळाले असं पामेलानेच पत्रात लिहिलंय. १९५१ मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये कर्जात असतानाच वारली बिचारी. डेकला नाव मात्र प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं, तिचं आत्ता आत्ता जोडायला लागलेत लोक. एवढ्या मायेने काढलेली चित्रं, आणि आपण ती न बघता चार्ट वाचून पोरींना घाबरवायचं? संताप होतो हो.

म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगते, पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी कार्डात काय दिसतंय ते मावशीसारखं मोठ्याने बोला. कोण कुठे बघतोय, हातात काय आहे, ते कसं धरलंय, मागे घर आहे का. टेन ऑफ वॉन्ड्समध्ये घर आहे, अगदी समोरच, त्यालाच दिसत नाहीये. अर्थ पाठ करायचे ते त्यानंतर.

कोर्ट कार्ड्सचं, ते पेज, नाइट, क्वीन, किंग, राहिलंच, त्यावर वेगळं लिहावं लागेल कारण तिथे तर 'उंच गोरा मुलगा भेटेल' असलं काहीही सांगतात लोक. उद्या लिहिते.