उतारा ऑनलाइन, नाव मात्र दुसऱ्याचंच

'एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या मिळतो!' परवा परत कोणीतरी छाती फुगवून सांगितलं. गोव्यातल्या जमिनीची नोंद दाखवणारा हा कागद मिळतो हो. पण त्यावर काय छापलंय ते कधी वाचलंत?

जुन्या सर्व्हेत जे नाव चढलं, तेच आज स्क्रीनवर झळकतं. सत्तरी तालुक्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या काजू लावून, राखून जगले. उताऱ्यावर कब्जेदार कोण? कुठे मोकासदार, म्हणजे जुने इनामदार, कुठे सरकार. कसणाऱ्याचं नाव कुळाच्या रकान्यात सापडलं तर नशीब! कूळ कायदा १९६४ चा, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा १९७५ चा, आणि दावे अजून मामलेदाराकडे लोंबकळताहेत.

बरं, आजोबांचं नाव काढून वारसांची चढवायची म्हटलं, तर आधी वारसाहक्काचा दस्त करा. एक भाऊ लंडनला, बहीण बेळगावात. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून सून-जावयांचीही नावं त्यात आणा. तोवर बँक काजूच्या बागायतीवर कर्ज देत नाही.

आणि २०२२ मध्ये बनावट कागदांवर जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली! खोटा दस्त घेऊन येणाऱ्याचं नाव चढतं, घाम गाळणाऱ्याचं चढत नाही. डोकं फिरतं अगदी.

अहो, चुकीचा कागद संगणकात घातला म्हणून बरोबर होत नाही. मामलेदार, तलाठी, सर्व्हेअर यांना घेऊन गावात या, पंचायतीत बसा. हद्दी ठाऊक असलेली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा, नावं दुरुस्त करा. मग खुशाल ऑनलाइन टाका.