मोजणाऱ्याशी बोलू नये

विणकाम हे निवांतपणाचं काम आहे असं ज्यांना वाटतं, ते कधी विणत नाहीत. विणणारीच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघा. ओठ हलत असतात, डोळे अर्धवट मिटलेले असतात, बघणाऱ्याला वाटतं जप चाललाय. आत "चौसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट" चाललेलं असतं. हातात पुस्तक असलं तर घरातली माणसं निदान दबकत विचारतात. हातात सुया असल्या की "मोकळीच आहेस ना गं" म्हणून गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय ते विचारतात. त्यात स्वयंपाकघरात कुकर. कुकरच्या शिट्ट्या आणि सुईवरचे टाके एकाच डोक्यात मोजता येत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते. एकतर भाताचा लगदा होतो, नाहीतर स्वेटरची पाठ दोन टाक्यांनी रुंद होते.

खरं तर विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. ते कोणालाही येतात. पुढचा सगळा हिशेब आहे, आणि त्याची सुरुवात दुकानापासूनच होते. आपल्याकडे सुया नंबरानं मिळतात आणि हा नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचा: नंबर मोठा, सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकेनं नेमकं उलटं केलं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची, आणि १० नंबर चक्क ६ मिलिमीटरची. यूट्यूबवरची अमेरिकन बाई हसतमुखानं १० नंबर घ्यायला सांगते, आपण तुळशीबागेतून १० नंबर आणतो, तिच्याइतकेच टाके घालतो आणि शालीचा मफलर होतो. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईच्या टोपणावर कोरलेले नसतील तर भोकांची मापपट्टी मिळते. सुई न अडता ज्या सर्वांत लहान भोकातून जाते, ते तिचं माप.

आता नमुना. 'आधी छोटा तुकडा विणून बघा' हे वाक्य प्रत्येक कृतीच्या सुरुवातीला असतं आणि विम्याच्या अटींइतक्याच भक्तिभावानं वाचलं जातं. त्यातलं गणित बघा. डीके जाडीच्या लोकरीवर (परदेशी गुंड्याच्या लेबलावर ३ आकडा असतो ती) ४ मिलिमीटरच्या सुईनं १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. स्वेटरचा घेर ९० सेंटीमीटर हवा असेल, तर १९८ टाके. तुमचा हात सैल असेल आणि २२ ऐवजी २० च बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ होतो. हात घट्ट असेल आणि २४ बसत असतील, तर साडेब्याऐंशी. पहिल्या स्वेटरात नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ एकदम मावतील, दुसऱ्यात दोघांपैकी कोणीच नाही. आणि हे ९० सेंटीमीटर स्वेटरचे बरं का, अंगाचे नव्हेत. अंगाच्या मापापेक्षा स्वेटर ५ ते १० सेंटीमीटर जास्त हवा, नाहीतर हात वर केला की पोट उघडं.

नमुन्यासाठी तीस टाके घाला, तेरा-चौदा सेंटीमीटर उंच विणा, ज्या तऱ्हेनं स्वेटर धुणार तसाच तो तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि मगच मधले १० सेंटीमीटर मोजा. कडेचे दोन-तीन टाके धरायचे नाहीत, तिथली वीण ओढलेली असते. सुईवर असतानाच मोजणं म्हणजे शुद्ध आत्मवंचना, कारण सुई टाक्यांना ताणून धरते. हव्या त्यापेक्षा जास्त टाके बसले तर एक माप जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. "मी जरा सैल विणेन" असं ठरवून काही होत नाही. टीव्हीवर मॅच शेवटच्या ओव्हरला आली की हात पुन्हा घट्ट होतो, आणि मग स्वेटरवर स्कोअर वाचता येतो.

लोकर घेताना लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा नंबर, बघा. दुकानात सगळे गुंडे एकाच लालचे दिसतात, उन्हात नेले की एक लाल आणि एक विटकरी. लागणार असेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त घ्या. बिनबाह्यांच्या मोठ्या स्वेटरला अडीचशे-तीनशे ग्रॅम आणि बाह्यांच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम जातात. वेगळा लॉट वापरावाच लागला तर जुन्या गुंड्याच्या दोन ओळी, नव्याच्या दोन ओळी असं आलटून पालटून थोडं विणा, म्हणजे रंगाचा सांधा डोळ्यांवर येत नाही. मऊपणाबद्दल दुकानदाराला विचारू नका, गुंडा मानेला लावून बघा. दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल मला नितांत आदर आहे, पण तिचं चिंचोक्यांची खळ लावलेलं घोंगडंच व्हावं. बाळाच्या टोपीत ती आली तर बाळ आपलं मत लगेच सांगतं.

आता मूळ दुखणं, मोजणं. १९८ टाके एका दमात मोजायचेच नाहीत. दर वीस टाक्यांवर सुईत एक खुणेची कडी अडकवा. बाजारात रंगीत प्लास्टिकच्या मिळतात, पण सरबताच्या नळीचे दोन-दोन मिलिमीटरचे काप काढले तर तेही चालतात. सेफ्टी पिन मात्र नको, तिच्या मागच्या वळशात लोकर अडकते आणि ओढली की धागा वर येतो. कड्या लावल्या की कोणी हाक मारली तरी नुकसान वीस टाक्यांपुरतंच. टाके मोजायचे ते दोन-दोननं. ओळींच्या रेघा मात्र कागदावर मारा, कॅलेंडरवर नको. तिथे दुधाच्या पिशव्यांच्या रेघा असतात, आणि महिनाअखेरीला दूधवाल्याला चौतीस ओळींचे पैसे जातात.

ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. दार वाजलं तर "आले" म्हणा आणि ओळ संपवा. पाहुणा दोन मिनिटांनी परत जात नाही, पण अर्ध्या ओळीवर सोडलेलं विणकाम परत उचलताना बाजू उलटी धरली जाते, आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होऊन मध्ये भोक पडतं. उठावंच लागलं तर खूण सोपी आहे: गुंड्याकडे जाणारी लोकर ज्या सुईवरून लोंबते, ती सुई उजव्या हातात.

नक्षी अवघड असेल तर दोरा ओवून ठेवा. वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत घ्या आणि जी ओळ बरोबर आली असल्याची खात्री आहे, तिच्या सगळ्या टाक्यांतून, सुईच्या खालच्या अंगानं काढा. खुणेच्या कड्यांतून मात्र काढू नका, त्या अडकून बसतात. नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा एक भाग पूर्ण झाला की दोरा पुढच्या जागी. वर काहीही घोळ झाला तरी सुई काढून बेधडक उसवा. उसवण दोऱ्यापाशी येऊन थांबते. टाके परत सुईवर घेताना प्रत्येकाचा उजवा पाय, म्हणजे सुईवरच्या फाशाची उजवी बाजू, सुईच्या पुढे आला पाहिजे. डावा पुढे आला तर टाका पिळला जातो आणि त्या ओळीची वीण आवळलेली दिसते. एखादाच टाका सुटून खाली घसरला असेल तर सगळं उसवायची गरज नाही. काम सुलट बाजूला वळवा, क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला आणि टाका घसरल्यामुळे वर जी शिडी दिसते, तिचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर या.

क्रोशाचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगते की इंग्लंड आणि अमेरिका यांचं तिथेही जमत नाही. इंग्लंडचा डबल क्रोशे म्हणजे अमेरिकेचा सिंगल, आणि इंग्लंडचा ट्रेबल म्हणजे अमेरिकेचा डबल. कृतीत 'सिंगल क्रोशे' हे शब्द कुठेही दिसले तर ती अमेरिकन समजा, कारण इंग्लिश पद्धतीत हे नावच नाही. हे न बघता रुखवताचं तोरण करायला घेतलं तर दाराला तोरण लागायच्या ऐवजी पडदा लागतो. रॅव्हेलरी ही २००७ पासूनची वेबसाइट मात्र मला आवडते. तिथे कृती लोकरीच्या जाडीनुसार आणि गुंड्यांच्या लांबीनुसार शोधता येतात, म्हणजे घरात पडलेल्या दीडशे मीटरचं काय होईल ते आधी कळतं.

बाह्यांचा एक नियम कधी मोडू नका: दोन्ही एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, एकदम विणायच्या. एकेक विणलीत तर मोजपट्टी काहीही म्हणो, एक बाही दुसरीपेक्षा लांब होते. दोन्ही सुईवर बाजूबाजूला असल्या की दोन गुंड्यांचा गुंता होतो. एका ओळीला काम घड्याळाच्या दिशेनं वळवा आणि पुढच्या ओळीला उलट, म्हणजे पीळ आपोआप सुटतो.

गळ्याची पट्टी हे विणकामातलं सर्वांत विश्वासघातकी ठिकाण. पाच-सहा आठवडे खपून केलेला स्वेटर डोक्यातून जात नाही, कारण शेवटचे टाके आपण आनंदानं घट्ट बंद केलेले असतात. शेवटची ओळ बंद करताना दोन माप जाड सुई घ्या. लहान बाळांच्या बाबतीत तर जास्तच जपा. नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा किंचित मोठंच असतं, साधारण ३५ सेंटीमीटर, आणि वर्षाच्या मुलाचं ४६ च्या आसपास. खांद्यावर सात-आठ सेंटीमीटर उघडं ठेवून दोन बटणं लावा. बाळाला घालताना आजी आणि आई दोघींचं एकमत होण्याची हीच एक जागा आहे.

आणि मग धुणं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो. कोमट पाण्यात थोडा शाम्पू, पंधरा मिनिटं भिजवायचा, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी दाबायचं आणि सपाट वाळवायचा. दोरीवर टांगला की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. अ‍ॅक्रिलिकला पाण्याचं भय नाही, इस्त्रीचं आहे. वाफ लागली की वीण कायमची लुळी पडते. कसरीच्या अळ्या खऱ्या लोकरीलाच लागतात, अ‍ॅक्रिलिक त्यांनाही नको असतं.

तेव्हा खऱ्या लोकरीचा स्वेटर त्यालाच द्यावा, जो स्वतःचे कपडे स्वतः धुतो. बाकीच्यांना अ‍ॅक्रिलिक. आणि इतकं करूनही कोणी लोकरीचा स्वेटर टॉवेलांबरोबर साठ अंशांवर मशीनला लावलाच, तर तो टाकू नका. पूर्ण आटलेली वीण कात्रीनं कापली तरी उसवत नाही. पाठीतून गरम भांड्याखाली ठेवायच्या चार चकत्या निघतात, बाह्यांतून कुकर उतरवायचे दोन हातमोजे.